फळ्यावरची तिथी

माझं अक्षर चांगलं आहे असं लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलं की मला त्याचा माज चढला होता. तो कसा उतरला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भागोजीबाबांविषयी लिहायचं तर ते सांगावंच लागेल, आणि त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला आता राहवत नाही.

मी लांज्याची. लांज्यात पाणी विहिरीत असतं, पावसाळ्यात रस्त्यावर असतं. ते दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे मी ऐंशी साली खारवाडीच्या शाळेवर रुजू झाले तेव्हा पाहिलं. रत्नागिरीहून एसटीने तासभर जायचं, मग तरीच्या होडीतून खाडी ओलांडायची, की खारवाडी. खाडीचं तोंड वाळूच्या दांड्याने अर्धं बुजलेलं, त्यामुळे आत पाणी तळ्यासारखं पसरलेलं असे. सकाळी बघावं तर गुडघाभर चिखल आणि त्यात बगळे, दुपारी बघावं तर त्याच जागी होडी तरंगतेय. पहिल्याच आठवड्यात मी नवी पर्स खांद्याला लावून ऐटीत तरीवर गेले आणि दोन तास चिखलाकडे बघत बसले. शाळेतल्या पोरी लांबून फिदीफिदी हसत होत्या. त्यांच्यामागे एक काळाकुळकुळीत म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याने विचारलं, "काय लांज्याची बाय, होडीस चाकं लावताव काय?"

हे भागोजीबाबा. वाडीची सगळी भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली होती. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एकच दगडी मोरी. तिला जाड लाकडाचं दार, दगडाच्या खाचेत वरखाली सरकणारं. त्या दाराला तिकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला दार उचललं की शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती चढायच्या आत ते पाडलं की खारं पाणी आत येत नाही. एवढंच काम, पण दिवसातून दोनदा, आणि वेळ रोज वेगळी. ते काम भागोजीबाबा करत. त्यांच्या आधी त्यांचा बाप करत होता, त्याच्याआधी आजा. सुगीला प्रत्येक घरातून त्यांना दोन पायल्या भात मिळे, आणि बैठकीला बसायला पहिली जागा. भातापेक्षा त्या जागेची त्यांना जास्त किंमत होती.

एकदा मी चौथीला दशांश अपूर्णांक शिकवत होते. शाळा एकशिक्षकी, चारही वर्ग एकाच खोलीत. खिडकीत भागोजीबाबांचं डोकं दिसलं.

"बाय, पोरांना पाऊनकी शिकिवलीत काय?"

"ती आता अभ्यासात नाही, बाबा."

"मगे भरती कशी काढायची त्यांनी?"

मला काही कळलं नाही. तेव्हा ते खिडकीचे गज धरून माझ्या वर्गाला शिकवायला लागले. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे येईल तितक्या वाजता भरती पुरी. "आज पंचमी. पाच पाऊन पावनेचार. पावनेचारला पानी वर. उद्या सष्ठी, सा पाऊन साडेचार. रोज पाऊन तास फुडं." आणि त्यांनी एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड करत पंधरापर्यंत पाऊणकी म्हणून दाखवली, एका दमात. पहिलीत बसणाऱ्या राहीने ती दोन दिवसांत पाठ केली. मग पुढचे चार महिने ती मला रोज भरतीची वेळ सांगायची आणि मी तरीवर कधी फसले नाही.

शाळेत रोज फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, तिथी आणि खाली सुविचार लिहायचा असतो. मी तो फार मन लावून लिहायची. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात भागोजीबाबा एका संध्याकाळी आले आणि म्हणाले, "बाय, तिथी जरा मोठी लिवाल? नि उद्याची आज सांजेलाच लिवून ठेवाल?"

"एवढे देवभक्त कधीपासून झालात?" मी थट्टा केली.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "चंद्र दोन दिसतात. खुनंचा दगड तर दिसतच नाय." उघाडीजवळ पायऱ्या पायऱ्यांचा एक काळा दगड होता, पाणी किती चढलं ते त्यावरून ते ओळखत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गावाला कळलं तर काम जाणार. म्हणून ते आता तिथीवर चालत होते, आणि तिथी माझ्या फळ्यावर होती. पहाटे अंधुक उजेडातही खिडकीतून वाचता येईल एवढी मोठी.

मी कुणाला सांगितलं नाही. वर्षभर रोज संध्याकाळी शाळा बंद करताना उद्याची तिथी टपोऱ्या अक्षरांत लिहून ठेवत असे. आपल्या खडूवर वाडीचं भात पिकतं असं मी मनात म्हणायची, आणि मला ते फार आवडायचं.

त्र्याऐंशीचा जुलै. आठ दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. लावणी नुकतीच झाली होती. मी येसूबाईच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहत होते. ती पडवी गळत होती आणि भिंतीवरचं कॅलेंडर भिजून त्याची पानं एकमेकांना चिकटली होती. मी ते सोडवायचे कष्ट घेतले नाहीत. काल नवमी होती म्हणजे आज दशमी, उद्या एकादशी, असं बोटांवर मोजत फळा लिहीत राहिले. पंचांगात कधी तिथी गळते, कधी तीच तिथी दोन दिवस येते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. शिक्षिकेला माहीत असतंच. फक्त बघितलं नाही.

शुक्रवारी पहाटे धाकट्या बहिणीला, हेमाला, पत्र लिहायला बसले. तारीख बघायला कॅलेंडर काढून चुलीशी धरलं, पानं सुटी केली, आणि बघितलं तर त्या पंधरवड्यात त्रयोदशी दोन दिवस होती, काल आणि आज. म्हणजे आजही वद्य त्रयोदशीच. आणि शाळेच्या फळ्यावर माझ्या टपोऱ्या अक्षरात चतुर्दशी.

घड्याळात सहा चाळीस झाले होते. मी पाऊणकी केली. त्रयोदशीची भरती पावणेदहाला पुरी, चतुर्दशीची साडेदहाला. भरती पुरी व्हायच्या आधी अडीच तास दार पाडायचं असतं. म्हणजे ते सव्वासातला पडायला हवं होतं, आणि भागोजीबाबा आठला जाणार होते. एरवी पाणी बघून कुणालाही कळलं असतं, पण नदीला पूर आलेला, खाडी ओहोटीलाही तुडुंब दिसत होती, आणि त्यांना तर तीही धड दिसत नव्हती.

बांधावरून उघाडीपर्यंत वीस मिनिटांची वाट. त्यांचं घर त्याहून जवळ.

मी चहा घेतला.

पाऊस फार होता, हे खरं. बांध निसरडा होता, हेही खरं. एका दिवसाने काय होतंय, जन्मभर पाणी बघितलेला माणूस आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण कारण ते नव्हतं. जाऊन म्हणावं लागलं असतं, बाबा, माझी तिथी चुकली. ज्या माणसाने वर्षभर माझ्या अक्षरावर दार उचललं आणि पाडलं, त्याच्यासमोर भिजून उभं राहून हे म्हणायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी चहा घेतला, मग वेणी घातली. साडेसातला शेजारीच असलेल्या शाळेत गेले, ओल्या फडक्याने चतुर्दशी पुसली आणि त्रयोदशी लिहिली. तेव्हासुद्धा माझं अक्षर सुरेख आलं.

सव्वाआठला बांधावरून ओरडा ऐकू आला.

मी पोचले तेव्हा दार खाचेत अर्ध्यावर अडकलं होतं. एकदा पाण्याला आतला ओढा लागला की दार बसत नाही, पाणी ते दाबून धरतं. भागोजीबाबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून खांद्याने ते ढकलत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मला वाटतं ते पाऊणकी म्हणत होते. सहा माणसं दोर घेऊन आली, पेंढ्याचे भारे टाकले, कुणी आपल्या घराचं दार उचकटून आणलं. पाणी थांबलं तेव्हा साडेदहा वाजले होते आणि बांधाच्या आत सगळीकडे एकच पाणी दिसत होतं. आठ दिवसांपूर्वी लावलेली रोपं त्याच्या तळाशी होती. मी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मिठाची चव होती.

तिसऱ्या दिवशी बैठक झाली, शाळेतच, कारण मोठं छप्पर तेवढंच होतं. पोरं मागे भिंतीला टेकून उभी होती. बांधाचा कारभार श्रीपतराव बघत. त्यांची आंब्याची बाग होती आणि वाडीत त्यांच्या शब्दाला मान होता. इतिवृत्त लिहायला मला बसवलं, फळ्याखालच्या खुर्चीत.

"भागोजी," श्रीपतराव म्हणाले, "दार उशिरा का पडलं?"

भागोजीबाबा उभे होते. पहिल्या जागेवर बसा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फळ्याकडे मात्र एकदा बघितलं.

"डोला लागला माजा," ते म्हणाले.

"झोपलास?"

"व्हय."

"पेलेला असंल," मागून कुणीतरी म्हणालं. भागोजीबाबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता.  मला वाटलं, मोतीबिंदू लपवायला ते खोटं सांगताहेत. तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. ते गिळून मी वहीत लिहिलं, "भागोजी यांना झोप लागल्याने उघाडीचे दार वेळेत पडले नाही, असे त्यांनी कबूल केले." श्रीपतरावांनी सही करायला वही घेतली आणि सगळ्यांना दाखवली. "अक्षर बघा बाईंचं. मोती नुसते."

दाराचा दोर वाडीतल्याच बाबल्या नावाच्या तरण्या गड्याकडे गेला. चार दिवसांत रोपं पिवळी पडून जळाली. पुढची दोन वर्षं त्या जमिनीत धड काही आलं नाही. पाणी आटलं की वर पांढरं मीठ फुटायचं. घरटी एक माणूस मुंबईला होताच, आता दुसराही गेला. त्याच वर्षी राहीला तिच्या आईने मुंबईला नेलं, कुणाकडे तरी मूल सांभाळायला. पटावरून तिचं नाव मी कमी केलं. पाऊणकी पाठ असलेली माझ्या वर्गात ती एकटीच होती.

वाडीने दुसरी एक गोष्ट केली, ती मला जमिनीपेक्षा जास्त लागली. कुणाला कामावर उशीर झाला, कुणाची भाकरी करपली, की म्हणायचं, "भागोजीचा डोला लागला." म्हणच पडली ती. बायका विहिरीवर म्हणायच्या, पोरं शाळेत म्हणायची. एकदा एका पोरीने गृहपाठ केला नव्हता, तिने तेच उत्तर दिलं, आणि मी तिच्या थोबाडीत दिली. नंतर तिची आई सगळीकडे सांगत सुटली की बाईंना म्हाताऱ्याची किती माया! पंच्याऐंशीत मी भागोजीबाबांना रत्नागिरीला डोळ्यांच्या शिबिराला नेलं, दोन्ही डोळे करून आणले, दहा दिवस औषध घातलं. तेव्हाही वाडीने माझं कौतुक केलं. मी तेही घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझं चांदणं कुणाला दिसतच नव्हतं.

भागोजीबाबा शाळेवरून जात-येत. पूर्वीसारखंच हाक मारत, "काय लांज्याची बाय." खिडकीतून आत बघणं मात्र त्यांनी सोडलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये माझी बदली गुहागर तालुक्यात झाली. शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. नारळ, साडी, हार. श्रीपतराव भाषणात म्हणाले, "आठ वर्षांत बाईंच्या हातून फळ्यावर एक अक्षर चुकलं नाही." टाळ्या झाल्या. मागे, दाराशी, जाड चष्मा लावलेले भागोजीबाबाही टाळ्या वाजवत होते. ते मी बघितलं. मी उत्तर द्यायला उभी राहिले आणि म्हणाले, "एक अक्षर चुकलं होतं. त्र्याऐंशी साली, पाणी आत आलं त्या दिवशी भागोजीबाबांची..."

"बाय!" भागोजीबाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की पोरं दचकली. "भाशान पुरे. तरीची होडी सुटंल तुमची. सामान उचला रे."

सगळे हसले. हार घातलेल्या अवस्थेत मला त्यांनी जवळजवळ हाकलतच बाहेर काढलं. माझी ट्रंक दोघांनी पुढे नेली. भागोजीबाबा माझ्याबरोबर बांधावरून चालत होते. 

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"त्या दिशी घरी जाताना बगितलाव खिडकीतसून. पाटंला चवदस व्हती, आता तेरस. फळा वला व्हता अजून."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? फळ्यावर खोटा लिवलेला व्हता म्हनून? सगली पोरा पाठी उबी व्हती. उद्या तुमी दोन नि दोन चार लिवलात तरी आईबापूस म्हनले असते, बगा रे खरा हाय काय. शाळा येक नि मास्तरीन येक. तीपन गेली असती." मग ते म्हणाले, "माजं डोलं गेलंच व्हतं. काम आज ना उद्या जायाचाच होता. मानूस चुकताय. पानी येऊन गेल्यावर तुमाला कलला आसंल, मगे पुसलात. मी आसतो तरी पुसला आसता."

पानी येऊन गेल्यावर. पाच वर्षं त्यांनी हे असं धरून ठेवलं होतं. मी हो म्हटलं असतं तर तरीपर्यंत आमचं बोलणं गोडीत संपलं असतं. मला आता तेवढंही घेववेना.

"पाणी येऊन गेल्यावर नाही, बाबा," मी म्हणाले. "आधी. मला सहा चाळीसला कळलं होतं. फळा मी साडेसातला पुसला."

भागोजीबाबा थांबले. चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसत. त्यांनी ओठ हलवले आणि मला कळलं की ते हिशोब करताहेत, सहा चाळीस, वीस मिनिटं, सात, सव्वासात. तो मी पाच वर्षं रोज करत होते. करायला काही कठीण नव्हता.

"घर तर माजा वाटेवर," ते म्हणाले.

"हो."

"हाक मारली आसतीत तरी..."

"हो, बाबा."

ते रागावतील असं मला वाटलं, रागवावेत असं वाटत होतं. ते नुसते पुढे चालू लागले. तरीवर पोचलो तेव्हा नावाडी बाबू होडीत ट्रंक ठेवत होता. पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढत होतं. बाबूने विचारलं, "भरती कवा पुरी हो आज? परत यायचा हाय मला."

पूर्वी असं कुणी विचारलं की भागोजीबाबा म्हणायचे, "बायला इचार, तिथी तिच्याकडं." आज मीच म्हणाले, "आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच." मी सकाळी तीनदा कॅलेंडर बघितलं होतं.

बाबू तरीही भागोजीबाबांकडे बघत राहिला, आणि भागोजीबाबा धोतर आवरत पायऱ्या उतरून खाली गेले. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले, पाण्यात हात घातला, पायरीवरची ओल बोटाने चाचपली, आणि पाणी पुढच्या भेगेपर्यंत चढेस्तोवर तिथेच बसून राहिले. मी हार घालून वर उभी होते. मग ते उठले.

"सव्वापाच," ते बाबूला म्हणाले.

त्यानंतर बाबूने वल्हं हातात घेतलं.